वीज्य ज्यपून वापरा

माझा आवाज चोरीला गेला, याचं मला एवढं दुःख नाही. माणसाचं काहीही चोरीला जाऊ शकतं. दारातली चप्पल जाते, कुंडीतलं झाड जातं, जिन्याखाली लावलेली सायकल जाते. पण सायकल नेणारा चोर ती निदान सरळ चालवतो. माझा आवाज ज्यांनी नेला त्यांनी तो भर रस्त्यात वाकडातिकडा चालवला, आणि बघणाऱ्यांना वाटलं की मालकालाच चालवता येत नाही. माझी आग आहे ती इथे.

प्रकरण सुरू झालं ते घरातली वीज गेली म्हणून. दुपारची जेवणं आटोपली होती. पंखा थांबला, तशी बायकोने वीज कार्यालयाच्या तक्रारीचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून ती कपड्यांच्या घड्या करायला बसली. असल्या फोनमागे माणसाने दोन्ही हात अडकवून ठेवू नयेत, असं तिचं मत आहे. दोन चादरी होऊन तिसरी हातात घेतली, तेवढ्यात पलीकडून एक भारदस्त, ऊबदार, ऐकताक्षणी विश्वास बसावा असा आवाज आला. आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं तो म्हणाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. आवाज माझा होता.

आता, माझा आवाज असा अचानक कुठेही भेटणं हे आमच्या घरात नवीन नाही. माझा धंदाच तो. भिंतीचा रंग पावसात टिकतो हे मी सांगतो, पाण्याच्या टाकीला झाकण हवं हे मी सांगतो, आणि बऱ्याच लिफ्टमध्ये दरवाजा बंद होत असल्याची खबर लोकांना माझ्याकडूनच कळते. मला चेहऱ्याने कुत्रंही ओळखत नाही, पण दुकानात जाऊन नुसतं ‘किती झाले’ म्हटलं तरी दुकानदार मान वर करून बघतो. तेव्हा बायकोला आवाजाचं आश्चर्य वाटलं नव्हतं. हे काम मी केलं कधी, आणि केलं तर तिला कसं सांगितलं नाही, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तोंड उघडणार, तोच मी फोनमधून म्हणालो, "कृपया वीज्य ज्यपून वापरा. च्यौकशीसाठी चार दाबा."

बायकोच्या हातातली चादर तशीच राहिली.

ज्यांना यात काय बिघडलं ते कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आणि ज्यांना खरंच कळलं नसेल त्यांच्याशी माझं पुढे फार जमेल असं नाही. आपल्या भाषेत ‘ज’ दोन आहेत. जिन्यातला ‘ज’ वेगळा आणि जागेतला वेगळा. ‘च’ही दोन आहेत. चिमट्यातला वेगळा, चमच्यातला वेगळा. लिहायला अक्षर एकच, पण आईच्या मांडीवर भाषा शिकलेल्या माणसाला कुठे कोणता लावायचा हे सांगावं लागत नाही. मी तर त्यावरच घर चालवलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने माझ्या वागण्याबोलण्यातल्या पुष्कळ गोष्टींवर बोट ठेवलं आहे. माझ्या ‘ज’वर कधी ठेवलं नव्हतं. ते त्या दुपारी ठेवलं. असं काय बोललात हो, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, हे मी बोललेलो नाही.

मग कोण बोललं?

"मीच," मी म्हणालो, "पण मी नाही."

हे उत्तर मी नंतर पुष्कळ लोकांना दिलं आणि एकालाही ते समजलं नाही.

वीज सगळ्या इमारतीची गेली होती, त्यामुळे तो नंबर सगळ्या इमारतीने लावला होता. पहिले आले ते आमच्या वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. शाळेतून ते निवृत्त झाले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते दारातच उभे राहिले, या म्हटलं तरी आत आले नाहीत. कुठेही शुद्ध उच्चारांचा विषय निघाला की आजवर आपण तुमचं उदाहरण देत होतो, असं त्यांनी मृत माणसाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी त्यांना यंत्राचं सगळं समजावलं. आजकाल माणसाच्या आवाजाचा नमुना घेऊन यंत्राला शिकवतात, आणि मग यंत्र त्या आवाजात हवं ते बोलतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आवाज तुमचा का? मी हो म्हटलं. मग ‘ज’ कोणाचा? ‘जाईच्या जाळीजवळ जरा जपून जा’ हे वाक्य रोज सकाळी तोंड धुतल्यावर म्हणत जा, असं त्यांनी सुचवलं, आणि माझ्याच दारात मला ते म्हणायला लावलं. मी म्हणून दाखवलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर संशय आला. इथे तर बरोबर म्हणता, मग तिथे काय होतं तुम्हाला, असं म्हणत ते जिना चढून गेले.

तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी मात्र माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवला, कारण नुकसान झालं म्हटलं की ते कोणावरही विश्वास ठेवतात. नर्तक पायांचा विमा उतरवतात, वादक बोटांचा उतरवतात, तुम्ही गळा तसाच उघड्यावर कसा ठेवलात, असं त्यांनी मला सुनावलं. आधी पोलिसांत तक्रार करा, तक्रारीशिवाय भरपाई मिळत नाही. मी म्हटलं, पण मी विमाच उतरवलेला नाही. ते म्हणाले, ते नंतर बघू, आधी तक्रार.

आक्काचा फोन आला तो दुसऱ्या गावाहून. तिथलीही वीज गेली होती, आणि तिथेही मीच होतो. आक्का माझी थोरली बहीण. लहानपणी माझा ‘ळ’ तिने पायरीवर बसवून घटवून घेतला होता. तिने चौकशी केली ती माझ्या दातांची. कवळी बसवली असशील तर घरच्यांपासून लपवायचं काही कारण नाही, म्हणाली, वय होतंच माणसाचं. मी तिला दात सगळे जागेवर असल्याचं शपथेवर सांगितलं. त्यावर ती फार मायेने म्हणाली की दात जर ठीक असतील तर डोक्याचा फोटो काढून घे.

अशा रीतीने मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काय चोरीला गेलं ते विचारलं. आवाज, मी म्हटलं. कुठे ठेवला होता? गळ्यात. त्याने मान हलवली. गळ्यातलं गेलं म्हणजे ती साखळीचोरी होते, त्याचं टेबल आत आहे, तिकडे जा, म्हणाला. मी आतल्या टेबलाशी गेलो. तिथल्या हवालदाराने साखळी किती पदरी होती ते विचारलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो हुशार होता, त्याला सांगता सांगताच कळलं. पण कळल्यावर तो म्हणाला, "साहेब, चोरी म्हणजे वस्तू तुमच्याकडे नाही आणि दुसऱ्याकडे आहे. तुमचा आवाज तर मला ऐकू येतोय. जरा जास्तच येतोय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ओरडून बोलत होतो. सगळी चौकी माझ्याकडे बघत होती. पण एक सांगायला हवं. त्या हवालदाराचे ‘जरा’ आणि ‘जास्त’ दोन्ही स्वच्छ होते, आणि त्या दिवसांत मला तेवढाही आधार पुरेसा होता.

तिथून मी स्टुडिओवाल्याकडे गेलो. माझी निम्मी हयात त्याच्या काचेमागे गेली आहे. गेल्या वर्षी त्यानेच मला बोलावून कित्येक दिवस एक चमत्कारिक काम करून घेतलं होतं. ‘निळी छत्री सोमवारी हसली.’ ‘कोल्ह्याला पायऱ्या आवडत नाहीत.’ अशी एकेक वाक्यं, शेकड्यांनी. माइकची चाचणी आहे म्हणाला होता. मी त्याला आता जाब विचारला. त्याने काही न बोलता यंत्र सुरू केलं आणि मला माझंच बोलणं ऐकवलं. कोल्हा संपला, छत्री संपली, आणि त्यांच्या पाठोपाठ मी म्हणालो, ‘मी माझ्या आवाजाचे सर्व हक्क स्वखुशीने देत आहे.’

ते वाक्य मला आठवलं. कोल्ह्याछत्रीच्या त्या रानात तेवढं एकच वाक्य अर्थाचं होतं, म्हणून मी ते मुद्दाम जीव ओतून वाचलं होतं. ‘स्वखुशीने’ म्हणताना तर मी हसलो होतो. ओठ हसले की आवाज हसतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. स्टुडिओवाला म्हणाला, वकिलांना दाखवलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून संमती देणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

मग मी त्याला विचारलं, हक्क गेले तर गेले, पण माझ्या ‘ज’चं काय? मी सगळे ‘ज’ बरोबर दिले होते, ते कुठे सांडले? तो म्हणाला, यंत्र बनवणाऱ्यांना एकच ‘ज’ माहीत आहे. मी म्हटलं, मला दोन्ही माहीत आहेत आणि मी दुसऱ्याचे कधी वेगळे पैसे लावले नाहीत. त्याने खांदे उडवले आणि काचेपलीकडे बोट दाखवलं. तिथे, माझ्या खुर्चीवर, खोके रचून ठेवले होते.

घरी आलो तो ठरवूनच. एकट्याने काही होणार नाही, सगळ्या आवाजवाल्यांना एकत्र आणायचं. सभा बाळताईंच्या दिवाणखान्यात भरली. बाळताई स्वतः आजी आहेत, अंगाने भरभक्कम, आणि जाहिरातीत कुठलंही तान्हं मूल हसलं, रडलं किंवा त्याने पहिला शब्द उच्चारला की ते मूल त्या असतात. आम्ही ज्याला गडगडाट म्हणतो तो आला होता. आभाळातून देव बोलतो किंवा भूकंप होतो, तिथे त्याचा आवाज लागतो. आणि अटीलागू आला होता. जाहिरातीच्या शेवटी सगळ्या अटी एका श्वासात म्हणणारा तो.

सुंदर आवाजांच्या माणसांची सभा कोणी भरवू नये. प्रत्येक जण बोलत असतो तेव्हा बाकीचे त्याचं म्हणणं ऐकत नाहीत, श्वास कुठे घेतला ते ऐकतात. मी माझी कैफियत मांडली. ती संपल्यावर गडगडाट म्हणाला की सुरुवात छान झाली, पण मधे तू थोडा घाईत गेलास. मग त्याने आपलं सांगितलं. त्याने स्वतःच स्वतःचं यंत्र करून घेतलं होतं. यंत्र कामाला जातं, तो घरी झोपतो. अडचण एवढीच, की यंत्राची मागणी त्याच्यापेक्षा वाढली होती. ते चहा मागत नाही, पंखा बंद करा म्हणत नाही आणि देवाला शोभेल असं वागतं. परवा एकाने त्याला स्वतःला बोलावलं आणि ऐकून झाल्यावर सांगितलं की मूळ आवाजासारखं येत नाहीये. बाळताईंचं म्हणणं होतं की हसण्यात यंत्र त्यांच्या जवळ आलं आहे, पण रडण्यात अजून कोणी येऊ शकत नाही. त्यांनी रडून दाखवलं. शेजारची बाई दूध तापवू का विचारायला आली.

शेवटी सरकारला निवेदन द्यायचं ठरलं. मजकूर तयार झाला. पण तो साहेबांपुढे वाचून कोण दाखवणार, यावर गाडी अडली, कारण वाचायला अटीलागू सोडून सगळेच तयार होते. एकेकाने नमुना दिला. दुसऱ्यांदा दिला. गडगडाटने निवेदन वाचलं तेव्हा सरकारच भस्म होईल असं वाटलं. बाळताईंनी वाचलं तेव्हा सरकारने ते कडेवर घेतलं असतं. मी वाचलं, आणि ते निवेदन न वाटता टाकीच्या झाकणाची सूचना वाटली, असा शेरा मला ऐकावा लागला.

या सगळ्यात अटीलागू एकदाही बोलला नव्हता. मी त्याला म्हटलं, तू बोल की काही. तो बोलला, आणि आम्ही त्याला आयुष्यात पहिल्यांदा सावकाश बोलताना ऐकलं.

"सगळ्यात आधी माझं काम गेलं," तो म्हणाला. "वर्ष झालं. तेव्हा तुम्ही कोणी सभा भरवली नाहीत."

बाळताईंनी चहा पुन्हा गरम केला. निवेदन तिथेच राहिलं. जाताना मी जिन्यात अटीलागूच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो म्हणाला की तू लढ, तुझ्याकडे निदान ‘ज’ तरी आहे. माझ्यात चुकवण्यासारखंसुद्धा कोणाला काही सापडलं नाही.

म्हणून मी लढलो. वीज कार्यालयात गेलो. आधी ज्या खिडकीशी उभा राहिलो ती मीटरची निघाली, मग ज्या साहेबांकडे पाठवलं ते खांबांचे निघाले. शेवटी ज्यांच्याकडे फोनचं खातं होतं ते साहेब सापडले. माणूस सभ्य होता, म्हणूनच जास्त त्रास झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की तुमची तक्रार योग्य असेल, पण तो आवाज तुमचाच आहे हे कशावरून? मी म्हटलं, मी बोलतोय ना तुमच्याशी. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. थोडासा वाटतो, म्हणाले, पण त्या आवाजात एक भारदस्तपणा आहे.

माझा घसा बसला होता. पहिल्या दिवसापासून मी चौकीत, स्टुडिओत, सभेत, जिन्यात, दारात ओरडत होतो. जितकं भांडावं तितका मी माझ्यासारखा कमी होत होतो, आणि यंत्र मात्र रोज माझ्याहून जास्त मी होत चाललं होतं. साहेब म्हणाले, आपण रीतसर सुनावणी घेऊ. सुनावणी फोनवर होईल. आवाज पटला की पुढची कार्यवाही.

सुनावणीच्या दिवशी मी मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, धुतलेला शर्ट घातला आणि फोनसमोर ताठ बसलो. बायको शेजारी बसली. आपली ओळख पटवण्यासाठी आपलं पूर्ण नाव सांगा, असं मला सांगण्यात आलं. सांगणारा मीच होतो. मी नाव सांगितलं. थोडा वेळ काहीतरी वाजलं, आणि मग मी मला म्हणालो, "माफ करा. आपला आवाज्य ओळखता आला नाही."

यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटत नाही. मी त्या फोनला ‘आवाज’ शिकवायला घेतला. आवाज्य नाही, आवाज. जीभ दातांमागे ने, टाळूला लावू नकोस. कृपया पुन्हा सांगा, तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. वीज म्हण. जपून म्हण. जागा, जाड, माझा, तुझा, चूक, चौकशी, चांगला. कृपया पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, अधिक स्पष्ट, अधिक तोडून. माझ्या घराण्यात कोणी असं बोललं नाही, मी म्हटलं, माझ्या बहिणीला वाटतंय माझं डोकं गेलं, वरचे हेडमास्तर मला दारात उभं करून परीक्षा घेतात, आणि तू माझ्या तोंडाने हे गावभर बोलत फिरतोस. कृपया पुन्हा सांगा. बायकोने कोमट पाणी आणून ठेवलं, मी ते पिऊन पुन्हा सांगितलं. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. शेवटी तो म्हणाला की आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद, हे संभाषण प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड केलं आहे. आणि फोन बंद झाला.

हे प्रशिक्षणाचं वाक्य मी स्वतः कितीतरी कंपन्यांसाठी म्हटलं आहे. त्याचा अर्थ काय असावा, हा विचार मला इतक्या वर्षांत कधी शिवला नव्हता.

तो काही दिवसांनी कळला. हेडमास्तर खाली आले आणि या वेळी न बोलावता आत येऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. सराव कामी आला, म्हणाले. मला काहीच समजेना. बायकोने नंबर लावला. ‘कृपया वीज जपून वापरा,’ मी म्हणालो, आणि दोन्ही ‘ज’ असे पडले की आक्काने दृष्ट काढली असती. ते माझेच होते. माझ्या घशातून रक्त आटवून काढलेले, बिनपैशाचे, फुकट शिकवणीचे. आधी त्यांनी माझा आवाज नेला, तो चुकीचा वापरला, आणि चूक दाखवायला गेलो तर चूकही माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली. जगात असा एक तरी चोर दाखवा, की ज्याने नेलेल्या सायकलला मालकाकडूनच तेल घालून घेतलं.

पण यंत्राची एक खोड माझ्या उपयोगी आली. त्याला निवडता येत नाही. त्याने माझा ‘ज’ उचलला तो रागासकट. ‘आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे वाक्य आता असं यायचं, की माणसाला आपण फोन का केला असं व्हावं. ‘वीज जपून वापरा’ ऐकून विमावाल्यांनी भर दुपारी घरातले दिवे तपासले. ‘कृपया पुन्हा सांगा’ मध्ये तर असा त्रागा होता की बायका फोन ठेवून द्यायच्या. आमच्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईने वीज कार्यालयाला कळवलं, की तुमच्याकडचा तो भाऊ घरी कसल्यातरी त्रासात आहे, त्याला चार दिवस सुट्टी द्या. तक्रारी वाढत गेल्या, आणि वरच्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या घरून फोन केला तेव्हा ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का’ असं उत्तर आल्याचं म्हणतात. ते वाक्य मी सुनावणीत बऱ्याचदा वापरलं होतं.

फोनच्या साहेबांनी मला स्वतः घरी फोन करून बोलावलं. या वेळी खिडकी नाही की खांब नाहीत, थेट आतल्या खोलीत. स्टुडिओवालाही तिथे बसला होता, माझ्याकडे न बघता. बायको माझ्याबरोबर होती. मी एकटा गेलो तर ओरडेन, असं तिला वाटत होतं. साहेबांनी सगळं मान्य केलं. आवाज माझा, ‘ज’ माझा, राग माझा. आता एवढंच करायचं, की मी पुन्हा काचेमागे बसून काही वाक्यं गोड बोलून द्यायची. या वेळी मोबदला मिळेल, नावही लागेल. स्टुडिओवाल्याने त्या खुर्चीवरचे खोके काढून ठेवल्याचंही सांगितलं.

मी खरं सांगतो, मला मोह झाला. काम येणं जवळपास थांबलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, ती साहेबांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. नाही म्हणायला लागणारं धैर्य माझ्याकडे नेहमीच बेताचं आहे. पण मला अटीलागू आठवला, चहाच्या कपाकडे बघत सावकाश बोलणारा.

"राग तुम्ही फुकट नेलात," मी म्हणालो, "गोडवा मिळणार नाही."

साहेब म्हणाले, मग आम्हाला तुमचा आवाज काढून टाकावा लागेल. मी म्हटलं, मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय मागतोय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या दिवसांत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आवाज त्याच आठवड्यात उतरवला गेला. त्याच्या जागी काही बसवलं नाही. आता त्या नंबरावर पूर्वीसारखी नुसती घंटी वाजते, आणि पूर्वीसारखंच कोणी उचलत नाही.

त्या दिवशी कार्यालयाचा जिना उतरताना बायको काहीतरी म्हणाली. चांगलं केलंत, असं असावं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं आणि विचारलं की हे कोणाशी भांडलात. बायकोने सांगितलं, स्वतःशीच. त्यांनी मला पूर्ण मौन दिलं. कुजबूजसुद्धा नाही, कुजबुजीने गळा जास्त दुखावतो.

तर त्या दिवसांत माझा आवाज जगात कुठेच नव्हता. फोनमध्ये नव्हता, गळ्यात नव्हता. घरात मी खुणा करून पाणी मागत होतो. बायकोला सुरुवातीला ते बरं वाटलं. मग ती माझ्या वाटणीचंही बोलू लागली, माझे आक्षेप स्वतःच घ्यायची आणि स्वतःच खोडून काढायची. एकदा दुपारी ती फोन कानाला लावून बराच वेळ बसली होती. कोणाला लावला, असं मी हाताने विचारलं. वीजवाल्यांना, म्हणाली. मी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, नुसती घंटी वाजते हो.

हेडमास्तर मात्र खूश होते. उलट उत्तर न देणारा श्रोता त्यांना शाळा सुटल्यापासून मिळाला नव्हता. ते रोज दुपारी यायचे आणि भाषेच्या ऱ्हासावर बोलायचे. त्या दिवशीही ते असेच रंगात आले होते. बाहेरून धूळ यायला लागली, तसं बोलता बोलता त्यांनी मला खिडकीकडे हात केला.

"ज्यरा लावता का ती?"

मी खिडकीकडे गेलो नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. महिनाभर त्यांनी तो नंबर रोज लावला होता, माझी परीक्षा घ्यायला. मी तोंड उघडलं, आणि या वेळी नुसती हवा आली नाही.

"जरा," मी म्हणालो.

गंजलेलं फाटक कोणी ओढावं तसा तो आवाज होता. भारदस्त नाही, ऊबदार नाही, विश्वास बसावा असा तर अजिबात नाही. हेडमास्तर दचकले. मी पुन्हा म्हणालो, "ज्यरा नाही मास्तर. जरा."

आत भांडी थांबली.

"कोण आलंय हो, मास्तर?" बायकोने आतून विचारलं.

"मी," मी म्हणालो.

ती ओले हात तसेच घेऊन दारापर्यंत आली.